कॅल्शियमपासून पीटीएचपर्यंत: पॅराथायरॉइडच्या रक्ततपासणीचा इतिहास

पॅराथायरॉइडच्या विकाराची शंका आली की डॉक्टर आज एकाच वेळी घेतलेल्या रक्तात निदान दोन गोष्टी मोजायला सांगतात: कॅल्शियम आणि पॅराथायरॉइडचे संप्रेरक, म्हणजे पीटीएच. त्यांच्या जोडीला बहुधा फॉस्फरस, अल्ब्युमिन, क्रिएटिनिन, अल्कलाइन फॉस्फटेज आणि ड जीवनसत्त्व असते. यांतल्या एकाही आकड्यावर एकट्याने निदान होत नाही. प्रत्येक आकडा दुसऱ्याशी ताडूनच वाचावा लागतो. ही वाचण्याची रीत सावकाश, ठेचा खात घडत गेली. रिपोर्टवरच्या बहुतेक ओळी आधीच्या ओळीने डॉक्टरांना चकवले म्हणून पुढे जोडल्या गेल्या.

पॅराथायरॉइड किंवा परावटू ग्रंथी सहसा चार असतात. थायरॉइडच्या मागच्या अंगाला त्या चिकटलेल्या असतात आणि प्रत्येकीचे वजन साधारण ३० ते ५० मिलिग्रॅम भरते. इतक्या लहान ग्रंथी पहिल्यांदा नजरेत भरल्या त्या एका अवाढव्य जनावरात. लंडनच्या प्राणिसंग्रहालयातला भारतीय गेंडा १८४९ मध्ये मेला. शरीररचनातज्ज्ञ रिचर्ड ओवेन यांनी त्याचे विच्छेदन केले, तेव्हा थायरॉइडला लागून असलेली एक लहान, घट्ट, पिवळसर गाठ त्यांनी टिपून ठेवली. त्यापुढे कुणी चौकशी केली नाही. १८७७ मध्ये स्वीडनमधील उप्सालाचा वैद्यकीचा विद्यार्थी इवार सँडस्ट्रम याला कुत्र्याच्या मानेत तशीच गाठ दिसली. त्याने पुढे ५० मानवी मृतदेह तपासले आणि १८८० मध्ये या ग्रंथींचे सविस्तर वर्णन स्वीडिश भाषेत छापले. नावही त्यानेच दिले. ग्रंथी सापडल्या, पण त्या करतात काय, हे त्या वेळी कुणालाच ठाऊक नव्हते.

कामाचा पहिला सुगावा शस्त्रक्रियेच्या टेबलावरून लागला. व्हिएन्नात थेओडोर बिलरोट यांच्या विभागात गलगंडासाठी थायरॉइड काढलेल्या काही रुग्णांना नंतर हातापायांत वांब येत, बोटे आखडत, झटके येत. या अवस्थेला टेटनी म्हणतात. १८९१ मध्ये फ्रान्सच्या युजेन ग्ले यांनी दाखवले, की प्राण्यांत थायरॉइडबरोबर या छोट्या ग्रंथीही निघाल्या तर हा प्रकार होतो. १८९६ मध्ये इटलीच्या वासाले आणि जेनेराली यांनी थायरॉइड जागेवर ठेवून फक्त पॅराथायरॉइड काढल्या, तरीही प्राण्यांना टेटनी झाली. दोष कुठल्या ग्रंथीचा हे त्यावरून ठरले, मात्र कारण अजून कळले नव्हते. ग्रंथी रक्तातले काही विष निकामी करत असावी, असे पुष्कळांना वाटे. १९०९ मध्ये अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्सचे विल्यम मॅकॅलम आणि कार्ल फग्टलिन यांनी ग्रंथी काढलेल्या कुत्र्यांच्या रक्तात कॅल्शियम बरेच घटल्याचे दाखवले आणि कॅल्शियमचे क्षार टोचून त्यांचे झटके थांबवले. पॅराथायरॉइड आणि रक्तातले कॅल्शियम यांची गाठ तिथे पक्की बसली.

मात्र कॅल्शियम मोजणे तेव्हा रोजच्या वापराचे काम नव्हते. जुन्या पद्धतींना रक्त फार लागे आणि वेळ त्याहून जास्त. १९२१ मध्ये बेंजामिन क्रेमर आणि फ्रेडरिक टिसडॉल यांनी थोड्या सीरमवर भागणारी पद्धत दिली, आणि पुढच्या काही वर्षांत क्लार्क आणि कॉलिप यांनी ती आणखी सुटसुटीत केली. रक्त गोठू देऊन वर सुटलेले सीरम, साधारण २ मिलिलिटर, टोकदार बुडाच्या नळीत घ्यायचे. त्यात अमोनियम ऑक्झलेट घातले की कॅल्शियम ऑक्झलेटचा पांढरा साका हळूहळू बनतो. नळी सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवली की साका तळाशी बसतो. वरचे पाणी अलगद ओतून द्यायचे, साका सौम्य अमोनियाने धुवायचा, मग विरळ सल्फ्युरिक आम्लात विरघळवून नळी गरम पाण्यात धरायची. शेवटी ब्युरेटमधून जांभळे पोटॅशियम परमँगनेट थेंबथेंब सोडायचे. प्रत्येक थेंबाचा रंग उडून जातो. ज्या थेंबानंतर फिकट गुलाबी छटा मिनिटभर टिकते तिथे थांबायचे. किती परमँगनेट लागले त्यावरून कॅल्शियमचा हिशेब होई. धुताना थोडा साका वाहून गेला किंवा गुलाबी रंग ओळखण्यात घाई झाली, तर आकडा चुकत असे. तरीही या पद्धतीने सीरममधले कॅल्शियम ही रुग्णालयात मोजता येणारी गोष्ट झाली आणि निरोगी माणसाची पातळी साधारण ८.५ ते १०.५ मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर या अरुंद पट्ट्यात राहते, हे स्पष्ट झाले.

कॅल्शियम कमी पडले तर काय होते, हे टेटनीने शिकवले होते. ते वाढले तर काय, याचे उत्तर मात्र हाडांच्या दुखण्यातून आले. १८९१ मध्येच फ्रीडरिश फॉन रेकलिंगहाउजेन यांनी हाडे मऊ पडून त्यांत पोकळ्या होणाऱ्या एका आजाराचे वर्णन केले होते. अशा काही रुग्णांच्या शवविच्छेदनात पॅराथायरॉइडची गाठ आढळे. व्हिएन्नाचे याकोब एर्डहाइम यांचे मत होते, की हाडे आधी बिघडतात आणि त्यांची भरपाई करता करता ग्रंथी मोठी होते. मुडदूस आणि तत्सम आजारांत ते खरेही होते. पण १९१५ मध्ये फ्रीडरिश श्लागेनहाउफर यांनी वेगळी शंका पुढे आणली: भरपाईसाठी वाढायच्या तर चारही ग्रंथी वाढतील, एकच वाढलेली असेल तर मूळ दोष तिच्यातच असणार.

या वादाचा निकाल एका रुग्णावर लागला. व्हिएन्नातील ट्राम कंडक्टर आल्बर्ट गाहने याला हाडांच्या दुखण्याने उभे राहणे अशक्य झाले होते. शल्यचिकित्सक फेलिक्स मांडल यांनी प्रचलित मतानुसार ग्रंथी कमी पडते असे धरून त्याला आधी पॅराथायरॉइडचा अर्क दिला, मग दुसऱ्याची ग्रंथीही बसवली. गुण आला नाही. तेव्हा जुलै १९२५ मध्ये त्यांनी मान उघडून वाढलेली एक ग्रंथी काढून टाकली. गाहनेचे दुखणे ओसरले, हाडे भरू लागली. काही वर्षांनी आजार पुन्हा उद्भवला, पण वाढलेली ग्रंथीच हाडे पोखरते ही गोष्ट तोवर सिद्ध झाली होती. त्याच सुमारास अमेरिकेत अॅडॉल्फ हॅन्सन आणि कॅनडात जेम्स कॉलिप यांनी ग्रंथीचा प्रभावी अर्क वेगळा केला. कॉलिप यांनी तो कुत्र्यांना टोचला, तेव्हा रक्तातले कॅल्शियम चढत गेले.

मोजलेल्या कॅल्शियमवरून या विकाराचे निदान झालेला गाजलेला पहिला रुग्ण म्हणजे अमेरिकी व्यापारी जहाजांवरचा कप्तान चार्ल्स मार्टेल. त्याची हाडे वारंवार मोडत आणि काही वर्षांत त्याची उंची सात इंचांनी घटली होती. १९२६ मध्ये न्यूयॉर्कच्या बेलव्ह्यू रुग्णालयात यूजीन ड्यूबॉय यांनी त्याचे वाढलेले कॅल्शियम पाहून पॅराथायरॉइड जास्त काम करत असल्याचे निदान केले. निदान बरोबर होते, गाठ मात्र सापडेना. मानेवर एकामागून एक शस्त्रक्रिया झाल्या. १९३२ मध्ये सातव्या शस्त्रक्रियेत मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलच्या एडवर्ड चर्चिल आणि ऑलिव्हर कोप यांना ती छातीच्या पोकळीत सापडली. सहा आठवड्यांनी, मुतखड्यावरच्या शस्त्रक्रियेनंतर मार्टेलचा मृत्यू झाला. आजही पाळला जाणारा एक नियम या प्रकरणातून उमगतो: विकार आहे की नाही हे रक्त सांगते, गाठ कुठे आहे हा निराळा प्रश्न आहे. सोनोग्राफी किंवा सेस्टामिबी स्कॅनमध्ये गाठ दिसली नाही, म्हणून रक्ताने केलेले निदान खोटे ठरत नाही.

मार्टेलचा अभ्यास करणाऱ्या बोस्टनच्या मंडळींत फुलर ऑलब्राइट होते. संप्रेरक मूत्रपिंडातून फॉस्फरस बाहेर टाकायला लावते, म्हणून कॅल्शियम चढलेले आणि फॉस्फरस उतरलेला ही जोडी त्यांनी निदानाची खूण मानली. अल्कलाइन फॉस्फटेज वाढलेले असले तर हाडांची झीज जोरात आहे असे समजायचे. ही त्रिसूत्री हाताशी आल्यावर ऑलब्राइट आणि सहकाऱ्यांनी मुतखड्याच्या रुग्णांचे कॅल्शियम तपासले. हाडे धडधाकट असलेल्या, फक्त खडे होणाऱ्या माणसांतही १९३४ पर्यंत हा विकार सापडू लागला. हाडांचा दुर्मीळ आजार म्हणून ओळखला जाणारा विकार मुतखड्याच्या बाह्यरुग्ण विभागात येऊन बसला.

कॅल्शियमच्या आकड्याचीही एक खोट लवकरच उघड झाली. सीरममधले साधारण ४० टक्के कॅल्शियम प्रथिनांना, मुख्यतः अल्ब्युमिनला, चिकटलेले असते. शरीरावर परिणाम करते ते मोकळे, आयनरूप कॅल्शियम, आणि ते एकूण कॅल्शियमच्या निम्म्याच्या आसपास असते. शिकागोच्या फ्रँकलिन मॅक्लीन आणि बेअर्ड हेस्टिंग्ज यांनी १९३४ मध्ये हे मोकळे कॅल्शियम मोजायला बेडकाचे हृदय वापरले. काढून घेतलेल्या हृदयाच्या ठोक्याचा जोर द्रवातल्या आयनरूप कॅल्शियमनुसार बदलतो. ज्ञात द्रावणाशी तुलना करून ते प्रमाण ठरवत. रुग्णालयात रोज बेडूक कोण आणणार? म्हणून एकूण कॅल्शियम आणि प्रथिने यांवरून अंदाज काढण्याचा आलेख त्यांनी दिला. १९७३ मध्ये लीड्सचे पेन आणि सहकारी यांनी अल्ब्युमिनवरून दुरुस्ती करण्याची पद्धत मांडली. तिच्याच आधाराने चालणारा सूत्राचा प्रचलित अवतार असा: अल्ब्युमिन ४ ग्रॅमच्या खाली जितके असेल, तितक्याला ०.८ ने गुणून ती रक्कम कॅल्शियममध्ये मिळवायची. कॅल्शियम ९.८ आणि अल्ब्युमिन २.५ असेल, तर दुरुस्त कॅल्शियम ११ होते. साधा दिसणारा आकडा वाढलेला निघतो. उलट, रक्त काढताना दंडाला पट्टा फार वेळ आवळून ठेवला तर पाणी शिरेबाहेर जाऊन प्रथिने घट्ट होतात आणि कॅल्शियम उगीच वाढलेले दिसते. आयनरूप कॅल्शियम थेट मोजणारे इलेक्ट्रोड १९६७ नंतर हाती आले.

तरी संप्रेरक स्वतः मोजता येत नव्हतेच. कॅल्शियम तर कर्करोगात, सारकॉइडोसिसमध्ये, ड जीवनसत्त्वाच्या अतिरेकातही वाढते. मधल्या काळात डॉक्टर आडवाटेने जात. लंडनच्या चार्ल्स डेंट यांनी १९५६ मध्ये सुचवलेली परीक्षा अशी, की रुग्णाला दहा दिवस कॉर्टिझोन द्यायचे. सारकॉइडोसिस किंवा ड जीवनसत्त्वामुळे वाढलेले कॅल्शियम सहसा उतरते. पॅराथायरॉइडमुळे वाढलेले बहुधा तसेच राहते. चाचणी कामाची होती, पण तिचे उत्तर तर्कानेच काढायचे होते.

ही अडचण न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागातील माजी सैनिकांच्या रुग्णालयात सुटली. रोझलिन यालो आणि सॉलोमन बर्सन यांनी इन्सुलिनसाठी रेडिओइम्युनोअॅसे ही पद्धत काढली होती. किरणोत्सारी आयोडीन जोडलेले संप्रेरक आणि रुग्णाच्या रक्तातले संप्रेरक यांची मोजक्या प्रतिपिंडांवर जागा मिळवण्यासाठी चढाओढ लावायची. रुग्णाचे संप्रेरक जितके जास्त, तितके किरणोत्सारी संप्रेरक कमी चिकटते. १९६३ मध्ये जेराल्ड ऑरबाख आणि जॉन पॉट्स यांच्यासह त्यांनी हीच युक्ती पीटीएचला लावली. बर्सन १९७२ मध्ये वारले. यालो यांना १९७७ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

नव्या आकड्यानेही घोळ घातलाच. पीटीएच हे ८४ अमिनो आम्लांचे संप्रेरक रक्तात काही मिनिटेच टिकते. त्याचे निकामी तुकडे मात्र रेंगाळतात आणि मूत्रपिंडे अधू असली तर साठत जातात. बर्सन आणि यालो यांनीच १९६८ मध्ये रक्तातल्या पीटीएचची ही विविधता दाखवली होती. एका प्रयोगशाळेचा प्रतिपिंड एक टोक ओळखे, दुसरीचा दुसरे, त्यामुळे दोन ठिकाणचे आकडे जुळत नसत. १९८७ मध्ये रेणूची दोन्ही टोके दोन प्रतिपिंडांनी एकदम पकडणारी चाचणी आली. रिपोर्टवर ‘इंटॅक्ट पीटीएच’ असे लिहिलेले असते ते याच पिढीचे. त्याची नेहमीची मर्यादा साधारण १५ ते ६५ पिकोग्रॅम प्रति मिलिलिटर असते, पण ती यंत्रागणिक बदलते. म्हणून तुलना शक्यतो एकाच प्रयोगशाळेतल्या आकड्यांची करावी लागते.

दोन्ही आकडे शेजारी आल्यावर वाचनाचा मुख्य नियम ठरला. टाकी भरली की बॉलकॉक नळ बंद करतो, तसे कॅल्शियम चढले की निरोगी ग्रंथी पीटीएच जवळजवळ थांबवते. समजा, कॅल्शियम ११.२ आहे, अल्ब्युमिन ४ आहे आणि पीटीएच ५८. पीटीएचच्या ओळीसमोर कोणतीही खूण छापलेली नसते, कारण ५८ हा १५ ते ६५ च्या आतच आहे. पण कॅल्शियम ११.२ असताना निरोगी माणसाचे पीटीएच खाली दबलेले असायला हवे. इथे ते दबलेले नाही, म्हणजे ग्रंथी आवरेनाशी झाली आहे. हा बहुधा प्रायमरी हायपरपॅराथायरॉइडिझमच. कॅल्शियम जास्त आणि पीटीएच अगदी कमी असेल, तर कारण ग्रंथीबाहेर शोधायचे. त्यात कर्करोगाचा विचार आधी येतो. गाठच पीटीएचसारखा पदार्थ सोडत असावी, असा तर्क ऑलब्राइट यांनी १९४१ मध्ये केला होता. तो पदार्थ १९८७ मध्ये ओळखला गेला. क्षयासारखे आजार आणि ड जीवनसत्त्वाची बेसुमार इंजेक्शने यांतही हीच जोडी दिसते.

आकडे स्वस्त झाले तसा रोगाचा चेहराही बदलला. टेक्निकॉन कंपनीचे ऑटोअॅनालायझर यंत्र १९५७ मध्ये बाजारात आले आणि पुढे एकाच नमुन्यात डझनभर घटक आपोआप मोजले जाऊ लागले. कुणी न मागता कॅल्शियमचा आकडा समोर येऊ लागला. मिनेसोटातील रॉचेस्टर शहरात नेहमीच्या तपासण्यांत कॅल्शियमचा समावेश होण्याआधी या विकाराचे वर्षाला लाखामागे ७.८ रुग्ण सापडत. १९७४ च्या मध्यानंतर हे प्रमाण ५१.१ वर गेले आणि साठलेले रुग्ण निघून गेल्यावर २७.७ वर आले. बहुतेकांना हाडांचा त्रास नव्हता, खडेही नव्हते. शस्त्रक्रिया कुणाची करायची आणि कुणावर नुसते लक्ष ठेवायचे, हा प्रश्न तेव्हापासूनचा.

अशा चाळणीत काही अशी माणसेही सापडली, की ज्यांच्या कॅल्शियमला शस्त्रक्रियेनेही फरक पडेना. १९७२ मध्ये अशा एका घराण्याचे वर्णन झाले: पिढ्यान् पिढ्या कॅल्शियम थोडे चढलेले, लघवीतून मात्र ते फारच कमी जाणारे, आणि त्रास काहीच नाही. कारण १९९३ मध्ये समजले. एडवर्ड ब्राउन आणि स्टीव्हन हेबर्ट यांच्या गटाने कॅल्शियम ओळखणारा ग्राही शोधला. या घराण्यांत तोच जन्मतः मंद असतो. म्हणून शस्त्रक्रियेआधी २४ तासांची लघवी तपासतात. कॅल्शियम आणि क्रिएटिनिन यांच्या क्लिअरन्सचे गुणोत्तर ०.०१ च्या खाली असेल, तर हा आनुवंशिक प्रकार संभवतो. लिथियम आणि थायाझाइड गटातल्या गोळ्याही असेच चित्र उभे करू शकतात, त्यामुळे औषधांची चौकशी आधी करावी लागते.

पीटीएच वाढलेले आणि कॅल्शियम कमी किंवा मध्यम, ही जोडी वेगळी. इथे एर्डहाइम यांचे म्हणणे लागू पडते: ग्रंथी भरपाई करत असते. ड जीवनसत्त्वाची कमतरता आणि मूत्रपिंडांचा जुनाट आजार ही याची नेहमीची कारणे. भारतात याला विशेष महत्त्व आहे, कारण ड जीवनसत्त्वाची कमतरता इथे सर्रास आढळते. खरोखरची गाठ असलेल्या रुग्णातही ती कॅल्शियमचा आणि लघवीतल्या कॅल्शियमचा आकडा खाली ओढून विकार झाकू शकते. मुंबईच्या केईएम रुग्णालयातील डॉक्टरांनी पश्चिम भारतातल्या रुग्णांचा आढावा २०१० मध्ये ‘जर्नल ऑफ पोस्टग्रॅज्युएट मेडिसिन’मध्ये मांडला. अशा भारतीय आढाव्यांतून दिसते, की रॉचेस्टरमध्ये योगायोगाने सापडणारा विकार इथे पुष्कळदा हाडांचे दुखणे, अस्थिभंग, स्नायूंची अशक्तता आणि मुतखडे घेऊनच दवाखान्यात येतो. अल्कलाइन फॉस्फटेजची ओळ त्यामुळे इथे अजून बिनकामाची झालेली नाही.

कॅल्शियम कमी, फॉस्फरस जास्त आणि पीटीएच कमी असेल, तर ग्रंथी कमी पडते. थायरॉइडच्या शस्त्रक्रियेनंतर याच कारणासाठी कॅल्शियम तपासत राहतात. मॅग्नेशियम फार घटले तरी ग्रंथी संप्रेरक सोडत नाही, आणि मग नुसते कॅल्शियम देऊन भागत नाही. कॅल्शियम कमी, फॉस्फरस जास्त, पण पीटीएच भरपूर, असे असले तर शरीर संप्रेरकाला दाद देत नसते. हा प्रकार ऑलब्राइट यांनी १९४२ मध्ये, संप्रेरक मोजता येण्याच्या वीस वर्षे आधी, ओळखला होता.

शेवटी नमुन्याचा भाग. पीटीएचसाठी ईडीटीए असलेली जांभळ्या टोपणाची नळी चालते, किंबहुना संप्रेरक तीत जास्त टिकते. त्याच नळीत कॅल्शियम मोजले तर आकडा धडधडीत खोटा येतो, कारण ईडीटीए कॅल्शियमलाच बांधून ठेवते. केस आणि नखांसाठी घेतलेल्या बायोटिनच्या मोठ्या मात्रेने काही यंत्रांवर पीटीएच खोटेच कमी दिसते. म्हणून एका रिपोर्टवर निदान करत नाहीत. वाढलेले कॅल्शियम पुन्हा तपासून खरे ठरले, पीटीएच त्याच वेळच्या रक्तातले असले, आणि अल्ब्युमिन, क्रिएटिनिन, ड जीवनसत्त्व, लघवीतले कॅल्शियम यांचा मेळ बसला, की निदान पक्के होते. गाठ शोधण्याचे स्कॅन आणि शस्त्रक्रियेचा निर्णय त्यानंतर येतो. शस्त्रक्रियेतही शेवटचा शब्द बहुधा रक्ताचाच असतो: गाठ काढल्यावर दहा मिनिटांत पीटीएच निम्म्याहून जास्त उतरले, तर दोषी ग्रंथी निघाली असे मानून जखम शिवतात.